पाच तारे द्या, शंभर तारे घ्या

गेल्या सोमवारी दुपारी धंतोलीत एका डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये बसलो होतो, तेव्हा मुलीच्या क्लासचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. पालकांनी गूगलवर क्लासला पाच तारे द्यावे, चार चांगल्या ओळी लिहाव्या, स्क्रीनशॉट पाठवावा. मुलाच्या कार्डावर १०० तारे जमा होतील. रात्री घरी पोचलो तर मनूला हे आधीच ठाऊक. मी बूट काढायच्या आत समोर उभी. "बाबा, लिहून टाका ना. शंभर मिळाले तर माझी रॅकेट होऊन राहिली."

लिहितो आहे, पण पाच तारे देत नाही, आणि गूगलवरही लिहीत नाही. म्हणजे मनूचे शंभर गेले. तिला तसं सांगून टाकलं आहे. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. क्लासचं नाव घालत नाही, कारण असे क्लास आता नागपुरात दर दोन चौकांआड आहेत आणि माझं भांडण त्या एकाशी नाही.

आधी सरळ माहिती. पश्चिम नागपुरात, रिंग रोडच्या अलीकडे, एका बंगल्याचा पहिला मजला. खाली दहा-बारा दुचाक्या लागतात. चारचाकी आणू नका, गल्लीत वळत नाही. पहिली ते पाचवीची मुलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाच ते साडेसहा, आणि शनिवारी एक तास 'बाजार', त्याबद्दल पुढे. एका बॅचला चौदा मुलं, दोन ताई. वाचन, गणित, थोडी हस्तकला. सहा महिन्यांचे ९,६०० रुपये, शिवाय ५०० रुपयांचं किट, ज्यात एक पिशवी, एक वही आणि एक कार्ड निघतं. कूलर दोनच आहेत, जूनमध्ये पुरले नाहीत. पाणी चांगलं, बाथरूम स्वच्छ. मुलीच्या बापाला हे आधी विचारायचं असतं, म्हणून आधी सांगितलं. ताईंचा आवाज चढलेला मी नऊ महिन्यांत एकदाही ऐकला नाही. पुस्तकांचं कपाट उत्तम आहे, पाचशेच्या आसपास मराठी पुस्तकं असतील, आणि ती कुलपात ठेवलेली नाहीत. एवढ्यावरच कोणी तीन तारे दिले तर मी हरकत घेणार नाही.

आता ते कार्ड. गुलाबी, लॅमिनेट केलेलं, वर मनूचा फोटो, मागे शंभर चौकोन. तारा मिळाला की ताई छोट्या पंचने चौकोनात ताऱ्याच्या आकाराचं भोक पाडतात. कार्ड भरलं की नवं. रात्री झोपताना मनू ते ट्यूबलाइटसमोर धरायची, आणि गादीच्या चादरीवर उजेडाचे बारीक बारीक तारे पडायचे. मला फार आवडलं होतं ते. पहिल्या महिन्यात मीच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

भाव असा: एक पुस्तक वाचलं की पाच तारे, गणिताचं एक पान दोन, वेळेवर येणं एक, 'छान वागणूक' तीन. छान वागणूक म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही. शनिवारी बाजार भरतो. एका टेबलावर वस्तू मांडलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. खोडरबर ४० तारे, कंपास १५०, पाण्याची बाटली २२०, बॅडमिंटनची रॅकेट ६००. वर्षाचे तारे ३१ मार्चला बाद होतात. ही शेवटची अट वाचून मी हसलो होतो, कारण माझा इन्सेन्टिव्हही ३१ मार्चलाच बाद होतो.

मी एकोणीस वर्षं एमआर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डॉक्टरांकडे बॅग घेऊन औषधं सांगत फिरणारा माणूस. धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक, महिन्यातून आठ दिवस उमरेड-भंडारा. माझं घर टार्गेटवर चालतं, त्यामुळे ही योजना बघून मला काही खटकलं नाही, उलट बरं वाटलं. पोरीला आतापासून सवय लागेल, असंही बायकोला म्हणून बसलो. ती बँकेत आहे. ती म्हणाली, "कशाची?" मी उत्तर दिलं नाही.

आता जे चाललं ते आधी. माझ्या बहिणीचा मुलगा त्याच क्लासला जातो, पाचवीत आहे, यंदा शिष्यवृत्तीला बसला. त्याला पाढ्यांची शिसारी होती. तेराचा पाढा म्हणायला लावला की पोट दुखायचं, आणि खरंच दुखायचं, नाटक नव्हतं. एका पाढ्याला चार तारे लागले, आणि दिवाळीपर्यंत गडी पंचविसापर्यंत पोचला. आता त्याला तारे नाही दिले तरी पाढे येतातच. आले ते आले. त्यामुळे बक्षीस म्हणजे विष असं कोणी सांगू लागलं तर मी माझा भाचा समोर उभा करीन.

गडबड मनूच्या वाचनात झाली. मनू तिसरीत आहे, आणि क्लास लावायच्या आधीपासून वाचते. तिला कोणी लावलं नाही. माझ्या आईने माझ्या लहानपणीचे 'किशोर'चे अंक पेटीत ठेवले होते, वाळवीने कडा खाल्लेले. मनूने ते दुसरीच्या उन्हाळ्यात काढले. कूलरसमोर पालथी पडून, टाचा हलवत वाचायची. एक गोष्ट तर तिने किती वेळा वाचली असेल देव जाणे. आई म्हणायची, "पोरीले पाठ झाली, तरी वाचून राहिली." मी क्लास कशाला लावला, हे आता स्वतःलाच विचारतो. वाचतेच आहे तर आणखी वाचेल, असा हिशेब होता.

क्लासचा एक नियम आहे: एक पुस्तक एकदाच धरायचं. दुसऱ्यांदा वाचलं तर तारे नाहीत. नियम बनवणाऱ्याची बाजू समजते, नाहीतर मुलं एकच पुस्तक वर्षभर दाखवतील. पण मनूने दुसऱ्यांदा वाचणं सोडून दिलं. दुसरं, पुस्तक सोळा पानांचं असो की ऐंशी पानांचं, तारे पाचच. हे तिच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली.

एका रविवारी ती दिवाणावर बसून वाचत होती आणि मी शेजारी रिपोर्ट भरत होतो. पानं उलटल्याचा आवाज येत होता, फार एकसारखा. वर पाहिलं. डोळे ओळीवर नव्हते, पानाच्या खालच्या कोपऱ्यात आकड्यावर होते. अकरा, बारा, तेरा. सोळाव्या पानावर तिने पुस्तक मिटलं, वहीत नाव लिहिलं आणि दुसरं उचललं. मी विचारलं, गोष्टीत काय झालं? म्हणाली, "एक कासव असते." मग? "मग संपते."

मला राग आला नाही, ओळख पटली. आमच्याकडे रोज बारा डॉक्टरांना भेटायचं असतं आणि रात्री डीसीआर भरायचा असतो, म्हणजे दिवसभरात कोणाला भेटलो त्याचा रिपोर्ट. महिनाअखेरीला त्या बारात दारातून नमस्कार करून निघालेले डॉक्टरही असतात. रिपोर्टात सगळे सारखेच. कंपनी भेटी मोजते, तिला भेटी मिळतात. डॉक्टर काय समजले, ते मोजायला रकानाच नाही. माझ्या आठ वर्षांच्या पोरीने तीन आठवड्यांत जे शोधलं ते शिकायला मला पहिल्या नोकरीत दोन वर्षं लागली होती.

तान्ह्या पोळ्याचं मात्र वाईट वाटलं, ते अजून जात नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात, लोक नंदीला ओवाळतात आणि मुलांच्या हातावर पैसे, खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. रघुजीराजे भोसल्यांनी दोनशे वर्षांपूर्वी ही प्रथा पाडली असं सांगतात. आमच्या घरचा नंदी माझ्या वडिलांनी घेतलेला, सागाचा, एक चाक नंतर बदललेलं, त्यामुळे चालताना खुडूक खुडूक करतो. दरवर्षी मनू आणि आजी मिळून सजवतात. शिंगांना रंग, आजीच्या ब्लाउजपीसची झूल, चमकी डिंकाने चिकटवलेली, अर्धी चमकी दोघींच्या केसांत.

यंदा क्लासने नंदी सजावट स्पर्धा ठेवली. पहिल्याला १०० तारे, दुसऱ्याला ६०, बाकी सगळ्यांना १०. मनूला ब्लाउजपीस नको झाला. "त्याच्यानं नंबर येत नाही." मी महालात जाऊन ३५० रुपयांची तयार झूल, गोंडे, शिंगांच्या टोप्या, सगळं घेऊन आलो. चूक माझीच, मला माहीत आहे, पण त्या दिवशी मीही नंबराच्याच मागे होतो. मनूने टोप्या बसवल्या, झूल बांधली, वीस मिनिटांत काम संपलं. नंबर आला एका मुलाचा, ज्याच्या बाबांनी नंदीत दिवे बसवले होते. मनूला दहा तारे मिळाले. तिने घरी येऊन नंदी पलंगाखाली ढकलला आणि फिरायला जायचंच नाही म्हणाली.

आईने तिला हाताला धरून नेलं. शेजारच्या काकूंनी चष्मासुद्धा लावला नाही, नंदीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि दहाची नोट दिली. पुढच्या घरी पाच रुपये आणि एक चॉकलेट. कोणी झूल बघितली नाही, कोणी पहिला-दुसरा केला नाही. चौथ्या घरापासून मनू नंदीची दोरी स्वतः ओढायला लागली. आता खोटं कशाला बोलू, आम्हीही लहानपणी बोजाऱ्यासाठीच फिरायचो, रात्री पैसे मोजायचो, भांडायचो. तरी ते पैसे शिंगांच्या रंगाचे नव्हते. नंदी वाईट सजवला म्हणून कोणाचा बोजारा कमी झाला नाही.

हा फरक डोक्यात राहिला, आणि मग मी जे येतं ते केलं, म्हणजे ट्रायल, माणसांवर करून पाहिलेले प्रयोग, वाचल्या. एमआरचं निम्मं आयुष्य डॉक्टरांना ट्रायल समजावण्यात जातं. आर्म म्हणजे गट कोणते, निवड कशी केली, शेवटी काय मोजलं, एवढं बघायची सवय असते. या विषयातली सगळ्यात गाजलेली ट्रायल १९७३ सालची आहे, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली. लेपर, ग्रीन आणि निस्बेट असे तिघे संशोधक. तीन ते पाच वर्षांची ५१ मुलं घेतली, आणि मुद्दाम अशीच निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आधीपासून आवडत होतं. एका गटाला आधी सांगितलं, चित्र काढा, सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर तेच पत्र अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेनं नुसती टेबलावर ठेवून दिली आणि कोण उचलतं ते लपून बघितलं. काहीच न मिळालेल्या मुलांनी मोकळ्या वेळातला सुमारे १७ टक्के वेळ पेनांवर घालवला, अचानक पत्र मिळालेल्यांनी १८ टक्के, आणि ज्यांना आधी कबूल केलं होतं त्यांनी साडेआठ.

पत्र दोन्ही गटांना एकच होतं. एकाला ते कबूल करून दिलं, एवढाच फरक. रात्री साडेअकराला हे वाचत असताना पलंगाखालचा नंदी आठवला.

आता ५१ हा आकडा छोटा आहे. एवढ्या सॅम्पलवर आमच्या कंपनीने गोळी विकायला सांगितली तर चांगले डॉक्टर बाहेर काढतील. म्हणून पुढचं वाचलं. १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी बरेच प्रयोग एकत्र करून म्हटलं की बक्षिसाने एवढं काही बिघडत नाही. त्यावर १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग पुन्हा तपासले. आमच्या धंद्यात दोन कंपन्यांचं जसं चालतं तसंच हे. पण १९९९च्या त्या तपासणीत दोन गोष्टी माझ्या घरात घडलेल्या जशाच्या तशा सापडल्या. जे काम मुळात कंटाळवाणं आहे, त्याची आवड बक्षिसाने कमी होत नाही, कारण कमी व्हायला आधी असावी लागते. हा माझा भाचा. आणि जी वस्तू कामाशी बांधलेली नाही, नुसती दिलेली आहे, तिनेही नुकसान होत नाही. हा काकूंचा बोजारा. नुकसान होतं ते जे काम आवडतंय त्यावर आधी भाव लिहून लटकवला की. शाबासकीचंही त्यांनी पाहिलं आहे: तिने आवड वाढते, पण कॉलेजच्या पोरांची जेवढी वाढते तेवढी लहान मुलांची नाही.

उलट्या बाजूचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी फक्त आपल्या फायद्याचं पान उघडून दाखवणारा एमआर ठरेन. रोलंड फ्रायर नावाच्या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलांना खरे पैसे देऊन पाहिलं, त्याचा निकाल २०११ मध्ये छापला. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेच्या गुणांवर पैसे दिले, गुण हलले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एका पुस्तकामागे दोन डॉलर दिले, आणि तिथे इंग्रजीत परीक्षा देणाऱ्या मुलांची वाचनाची पातळी वाढली, सगळी मुलं मिळून मात्र नाही. हे वाचून मी जरा थंड पडलो. पण डॅलसमध्ये एक अट होती. पुस्तक वाचल्यावर कॉम्प्युटरवर त्या पुस्तकाची छोटी परीक्षा, आणि त्यात ८० टक्के आले तरच दोन डॉलर. "एक कासव असते, मग संपते" ला तिथे काही मिळालं नसतं.

डिसेंबरात फी पुन्हा भरून झाली होती. जानेवारीत एक प्रसंग घडला आणि मी क्लास चालवणाऱ्या सरांना भेटायला गेलो. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, सोलेभाताचा बेत होता. मनू दरवर्षी तिच्यासोबत बसते, निम्मे दाणे तोंडात टाकते. त्या दिवशी उभ्या उभ्या विचारलं, "आजी, एका वाटीचे किती देशील?" आईला आधी समजलंच नाही. समजल्यावर म्हणाली, "एका वाटीचा एक घास. खायचा असन तर बस." मनू बसली, पण वाटी भरली की थांबली. मी ते गॅलरीतून पाहत होतो.

सर चांगले आहेत, हे मुद्दाम लिहितो. चहा दिला, पाऊण तास ऐकून घेतलं. मी डॅलसची परीक्षा सुचवली. ते म्हणाले, चौदा मुलं, दोन ताई, वेळ कुठून आणू. पातळ पुस्तकांना दोन आणि जाड्यांना आठ करा म्हटलं, तर म्हणाले, मग मुलं जाड पुस्तकाची पानं उलटतील. हे बरोबरच होतं. निदान पुन्हा वाचल्यावर तारे द्या म्हटलं, त्यावर ते गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, एक विचारू? ऑगस्टमध्ये तुम्हीच मला फोन केला होता, मनूची महिन्याची पुस्तकं किती झाली म्हणून. पालक आकडा मागतात. मी आकडा देतो." खरं होतं. तो आकडा ४१ होता, आणि मी तो घरच्या ग्रुपवर टाकला होता, अंगठा दाखवणाऱ्या तीन इमोजींसकट.

तेव्हा सरांनी तारे लावून मनूचं वाचन बिघडवलं असं मी म्हणणार नाही. मीच जाऊन त्याची किंमत विचारून आलो, आणि त्यांनी यादी दाखवली.

एवढं असून तिला काढून का घेतली नाही, तर बुधवारमुळे. बुधवारी दुसऱ्या ताई असतात, वयाने मोठ्या, बहुतेक कुठल्यातरी शाळेतून निवृत्त झालेल्या. फेब्रुवारीत एका बुधवारी मी लवकर पोचलो आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबलो. ताई सतरंजीवर बसून मोठ्याने गोष्ट वाचत होत्या. आवाज मोठा नाही, नाटकी तर मुळीच नाही. विहिरीत उतरलेल्या मुलाचा दोर वर ढिला पडतो, तिथपर्यंत आल्या आणि पुस्तक मिटलं. म्हणाल्या, मी जरा पाणी पिऊन येते. पुस्तक सतरंजीवर तसंच ठेवून गेल्या. चार सेकंद कोणी हललं नाही. मग तीन हात एकदम गेले. मनूच्या हाती लागलं. ती पान शोधत होती आणि दोन पोट्टे तिच्या खांद्यावर वाकून "इथं नाही, पुढं, पुढं" करत होते. पहिलीतला एक बारका मुलगा वाचू शकत नव्हता, तो मनूची बाही ओढत होता, तर ती त्याच्यासाठी ओळीवर बोट ठेवून हळू वाचायला लागली. डोळे ओळीवर होते. मी खास ते बघितलं.

पाणी प्यायला ताईंना फार वेळ लागला.

क्लास सुटल्यावर विचारलं, याचे किती तारे? त्या हसल्या. "बुधवारी मी पंच घरी विसरते जी." पंच क्लासच्या टेबलावर असतो, घरी न्यायचा प्रश्नच नाही. सरांना हे माहीत आहे, ते काही म्हणत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना माझ्याकडून एक तारा. मुलंही काही म्हणत नाहीत. सोमवारी एक तारा राहिला तर रडारड होते, बुधवारी कार्ड पिशवीतून निघतच नाही. आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी पाहिली. ताई कोणालाच 'व्हेरी गुड' म्हणत नाहीत. त्या बारक्याला त्यांनी विचारलं, "दोर ढिला कशानं पडला असेल रे?" तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. त्याची आई खाली गाडीचा हॉर्न वाजवत होती, तरी उभाच.

मध्ये एकदा मनूला रमण विज्ञान केंद्रात नेलं होतं, कार्डाशिवाय ती किती टिकते ते बघायलाच. दाराशी विचारलं, "इथं काही मिळते का?" नाही म्हटलं. तोंड वाकडं केलं. मग एक चाक फिरवलं, मग दुसरं बटण दाबलं, आणि दोन तासांनी भूक लागली म्हणून मलाच तिला ओढून बाहेर गांधीसागरच्या बाजूला आणावं लागलं. म्हणजे अजून काही फार गेलेलं नाही. हे मी स्वतःला सांगतो आहे, तुम्हाला नाही.

तर तारे. जागा, स्वच्छता आणि पुस्तकांच्या कपाटाला एक. बुधवारच्या ताईंना एक, आणि सरांना एक, वर कबूल केला तो. पाचातले तीन झाले. तुमचं मूल वाचनाच्या, पाढ्यांच्या जवळही जात नसेल, हात लावला की रडत असेल, तर इथे घाला, सहा महिन्यांत फरक दिसेल, आणि पाढे आले की काढून घ्या. पण मूल आधीच कुठे कोपऱ्यात पालथं पडून काही वाचत असेल, मातीचं काही करत असेल, एकच गोष्ट सत्रा वेळा करत असेल, तर ९,६०० रुपये वाचवा, कूलरला नवी खस टाका आणि त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि घातलंच तर क्लासला फोन करून आकडा विचारू नका. माझ्यासारखे दहा बाप विचारतात म्हणून तो पंच चालतो.

एप्रिलपासून फक्त बुधवारी पाठवता येईल का आणि त्याची फी किती, असं मी सरांना विचारलं आहे. अजून उत्तर नाही. मार्च आहे, त्यांचीही धावपळ असेल.

मनूचे ५४० तारे झाले आहेत. रॅकेटला साठ कमी पडतात, आणि ३१ तारखेला सगळे बाद होणार. सीताबर्डीत तशी रॅकेट अडीचशेला मिळते, मी आणून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. काल रात्री तिच्या पिशवीत बारा पुस्तकं दिसली, कपाटातून निवडून आणलेली. मी एकेक उघडून पाहिलं. सगळी सोळा पानांची.